दुसऱ्या बॅटरीचा खांदा

फोनवर वसंताचं नाव उमटलं, म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, "किती आले रे आज?" दिवेलागणीची वेळ होती. माझ्या धाकट्या भावाचा तेल्हाऱ्याहून याच वेळेला फोन यायचा आणि पोळ्यापासून आमचं बोलणं या एकाच प्रश्नानं सुरू व्हायचं. किती आले म्हणजे किती व्होल्ट आले. त्याच्या जीपमधली दुसरी बॅटरी काही केल्या भरत नव्हती, आणि ती का भरत नाही याचा शोध तो तिकडे तेल्हाऱ्यात आणि मी इकडे अमरावतीत, फोनच्या दोन टोकांना बसून घेत होतो. पलीकडून कुणी बोलेना. मला वाटलं मीटरवरचा आकडा वाचून राहिला असेल. म्हटलं, "चष्मा लाव आधी." तर आवाज आला सुधाचा, त्याच्या बायकोचा. "अक्का," ती म्हणाली, "ते गेले…" दुखणं नाही, खुपणं नाही. चहा पिऊन ओट्यावर टेकला तो टेकलाच.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, कसा होता हो तुमचा भाऊ, तर मला एकच सांगता येतं. त्याला 'काहून', म्हणजे 'का', फार पडायचं. लहानपणी टॉर्चचे सेल संपले की आमची आई ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायची, कुरड्यांसारखे. वाळवले की पुन्हा थोडा वेळ टॉर्च लागायचा. सगळ्याच घरी तसं करायचे, कुणाला त्यात नवल नव्हतं. वसंता मात्र त्या सेलांशेजारी बसून राहायचा. "अक्का, उन्हातून या सेलायच्यात काय जाते?" मी म्हणायची, ऊन जाते. "मंग उजेड पिवळा काहून? पांढरा पाह्यजे ना." मी त्याला धपाटा द्यायची, आणि मग स्वतःच त्या सेलाकडे बघत बसायची. म्हणजे खोड त्याची एकट्याची नव्हती, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

माझी शाळा सातवीत सुटली आणि लग्न होऊन मी अमरावतीला आले. ह्यांचं मोटारी वाइंडिंग करायचं छोटं दुकान होतं, आम्ही राहायचो मागच्या खोलीत. पोळ्या लाटून झाल्या की मी ह्यांच्याजवळ जाऊन बसायची. बसता बसता तांब्याची तार गुंडाळायला लागले, मग मीटर धरायला लागले. शिकवलं असं कुणी नाही, पाहत गेले. सुट्टीत वसंता यायचा आणि ह्यांचं डोकं खायचा. एकदा म्हणाला, "भाऊजी, करंट वापस काहून जाते? आला तिथंच राह्यला तं काय बिघडते?" ह्यांनी हातातलं काम न सोडता सांगितलं, "साळेबुवा, ज्या घरातून वापस जायचा रस्ता नाही, तिथं पाहुणा येतच नसते." वसंता किती तरी वेळ हसत होता. पुढं आयुष्यभर कुणी कंजूस भेटला की तो मला हळूच म्हणायचा, इथं मायनस नाही अक्का, वापस जायची तारच नाही.

शेतीवर ट्रॅक्टर आला तशी त्याची बैलजोडी गेली. त्याचं त्याला वाईट वाटलं. काही दिवसांनी एक जुनी हिरवी जीप घेऊन आला, चारही चाकं ओढणारी. सुधा म्हणाली, "बैलायच्या जागी हे काय बांधलं दारात?" पण त्याच जीपमध्ये बसून ती दर हिवाळ्यात त्याच्यासंग सातपुड्यात जायची. तेल्हाऱ्याहून उत्तरेला तोंड केलं की डोंगर दिसतोच. दगडगोट्यांच्या वाटांनी वर चढायचं, नाल्याकाठी गाडी लावायची, चूल मांडायची, दोन-चार दिवस राहून यायचं. ती चालवायलाही शिकली, वाळल्या वावरात. मग तिला साखर निघाली आणि इन्शुलिन सुरू झालं. ते थंड ठेवावं लागतं. डोंगरात कुठून आणायचा फ्रिज? जाणं बंद झालं. सुधा म्हणायची, जाऊ द्या, पाह्यला तितका डोंगर पुरे झाला. वसंताच्या डोक्यात मात्र कशाचा तरी हिशेब चालू असायचा.

एक दिवस फोन आला. "अक्का, दुसरी बॅटरी बसवली." अकोल्याहून एक छोटा, गाडीवर चालणारा फ्रिज आणला होता. तो रात्रभर चालवला तर गाडीची बॅटरी उतरणार आणि सकाळी गाडी डोंगरातच राहणार. म्हणून मागं, सीटच्या बाजूला, फ्रिजसाठी वेगळी बॅटरी. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे एक रिले. रिले म्हणजे दोन घरांमधलं दार समजा. इंजिन चालू झालं की दार उघडतं आणि दोन्ही बॅटऱ्या भरतात. इंजिन बंद झालं की दार लागतं, मग मागच्या बॅटरीनं फ्रिज कितीही चालवा, पुढची शाबूत राहते. सगळं त्यानं स्वतः जोडलं होतं. उन्हाळ्यात एकदा वर जाऊनही आले दोघं. सुधा मला फोनवर म्हणाली होती, "अक्का, माझ्या औषधाले एसी लागला, मी मातर उकाड्यात झोपली." पण आवाजातली खुशी मला ऐकू आली.

आणि पोळ्यानंतर ती बॅटरी भरेनाशी झाली. आम्ही फ्यूज पाहिला, चांगला. रिले पाहिला, इंजिन चालू होताच टक् करून वाजायचा. वसंतानं फोन रिलेजवळ ठेवून तो आवाज मला ऐकवलासुद्धा. मी म्हटलं, गाडी चालू ठेव आणि मागच्या बॅटरीच्या प्लसवर किती येतात ते सांग. "चौदा येऊन राह्यले." मग भरते की. "भरत नाई ना पन. घरच्या चार्जरवर टाकली तं टम्म भरते. गाडीत कितीबी फिरवा, उपाशीच." अकोल्यातल्या एकानं सांगितलं बॅटरीच खराब आहे. वसंतानं नवी आणली. तीही तशीच. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. हा म्हणतो, "बरं झालं अक्का, नवीबी नाही भरली. आता मजा आली." त्याचं असंच होतं. अंदाज चुकला की खूष व्हायचा. म्हणायचा, एक खोली झाडून झाली, आता तिथं पाहाचं काम नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी मात्र जरा हळू बोलला. "करंट दारात येते अक्का, अन् आत नाई जात. आपन पाहून राह्यलो तिथं ते नाईच, असं वाटते मले. थंडी पडाच्या आत सापडलं पाह्यजे. सुधाले वर न्याचं हाय." मी म्हटलं, सापडेल, झोप आता.

तेरवीला गेले तेव्हा जीप ताडपत्रीखाली होती. कुणी तिकडे पाहिलं नाही, मीही नाही. नंतर एक दिवस सुधाचा फोन आला. तिच्या पुण्याच्या मुलानं, निखिलनं, अकोल्याचं एक गिऱ्हाईक पाहिलं होतं. तो माणूस रविवारी गाडी न्यायला येणार. सुधा म्हणाली, "इकाले माझी ना नाई अक्का. लेकाचं खरं हाय, दारात उभी राहून गंजन. पन अशी बिघडलेली गाडी नाई देत मी. त्यायनं माझ्यासाठी बसवली ते बॅटरी. काय झालं ते समजू द्या, मंग नेऊ दे कोनालेबी." मग म्हणाली, "तुमी येता का?"

मी ह्यांचं जुनं मीटर पिशवीत टाकलं आणि एसटीत बसले.

सुधानं ताडपत्री काढली. मागच्या फळक्यातून आत जायला तिनं मला पाट दिला, वर बसायला स्टूल ठेवलं. आता इथं गंमत आहे. वसंता मीटरची लाल दांडी बॅटरीच्या प्लसला लावायचा आणि काळी दांडी खाली, चेसिसच्या एका उघड्या लोखंडाला. तसंच करतात, साऱ्या गाडीचं लोखंड म्हणजे मायनसच. पण माझे गुडघे! एकदा स्टुलावर बसले की खाली वाकणं माझ्यानं होत नाही. म्हणून मी काळी दांडी जवळ होती तिथं, बॅटरीच्याच मायनसच्या खुंटीला टेकवली आणि सुधाला म्हटलं, चालू कर. तिनं चावी फिरवली. रिले टक् वाजला. मीटरवर बारा. म्हटलं, रेस दे. दिली. बाराच.

"किती आले?" सुधानं पुढून विचारलं.

"बारा."

"त्यायले तं चौदा येत होते."

तेच तर. मला आधी वाटलं त्याचा चष्मा. मग सुधाला खाली उतरवलं आणि काळी दांडी तिच्या हातानं चेसिसला लावायला लावली. चौदा. पुन्हा खुंटीला. बारा. लाल दांडी जागची हललेली नाही. मीटरला खोटं बोलायचं काय कारण? दोन्ही आकडे खरे, म्हणजे बॅटरीचं मायनस आणि गाडीचं लोखंड, जे एकच असायला पाहिजे, ते एक नव्हतं. मी लाल दांडी काढून खुंटीला धरली, काळी चेसिसलाच राहू दिली. तिथं शून्य यायला हवं. दोन आले. पाहुणा दारापर्यंत येत होता आणि परतीचा रस्ता बंद होता… आणि आम्ही दोघं इतके दिवस येणारा रस्ताच झाडत होतो.

मायनसची वायर बॅटरीपासून खाली जाऊन चेसिसला एका बोल्टानं आवळली होती. टॉर्च मारला तर तो बोल्ट निळाशार. "हा रंग कशाचा?" मी विचारलं.

"शिंगाचा," सुधा म्हणाली. "पोळ्याचा. तिथंच तं खांद शेकली होती त्यायनं."

"कोणाची?"

"गाडीची."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलवटतो, त्याला तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं, आणि 'उद्या जेवायला या' म्हणून आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून तोरणाखाली न्यायचं. बैल गेल्यापासून वसंता जीप धुवून तोरणाखाली उभी करायचा, हे मला माहीत होतं. लोक विचारायचे, "वसंतभाऊ, तुमच्या बैलाले शिंगं कोठी हायेत?" म्हणून तो बंपरची दोन टोकं रंगवायचा, निळी. पण खांद्याचं मला ठाऊक नव्हतं. सुधा सांगत होती, "यंदा म्हने, बैलाले खांदा असते तसा गाडीलेबी असन. मी म्हटलं, बसा पाहत. तं दिवसभर पाह्यत बसले. संध्याकाळी म्हनतात कसे, जिथं ओझं बसते तो खांदा. हे दुसरी बॅटरी तुह्या औषधाचं ओझं वाहते, इथंच हाय खांदा. बॅटरी खाली उतरवली, वायर खोलली, सारी जागा घासून पुसून तूप-हळद लावली. आवतणबी देलं. अन् दुसऱ्या दिवशी उरला रंग तिथं देऊन टाकला, वायरीच्या कडीलेबी. गंज नाई लागनार म्हने."

दुसरी बॅटरी बसवल्यावरचा तो पहिलाच पोळा होता.

मी हसायला लागले. सुधाही हसली, आणि मग आम्ही दोघी पदर तोंडाला लावून बसलो.

तिनं पान्ह्यानं बोल्ट खोलला. कडीच्या खालीसुद्धा रंगाचा जाड थर, नखानं न निघणारा. कानशीनं थोडा खरवडला तर आत पिवळं… हळद. माझा हात थांबला. त्यानं स्वतःच्या हातानं दिलेला शेवटचा रंग तो. पोर अख्खा दिवस विचार करून खांदा शोधतं, आणि आपण तो खरवडून टाकायचा? सुधानं माझ्या हातातली कानस काढून घेतली. "आना इकडे. त्यायनं आवतण देलं होतं, अन् आपनच आडवं बसाव का?" तिनं लोखंड पांढरं होईस्तोवर घासलं, कडी घासली, बोल्ट आवळला. गाडी चालू केली. या वेळी मीटर तिनंच धरलं. बारा, मग साडेबारा, तेरा, आणि तसंच हळूहळू वर.

"गेला काय पाहुना घरात?" ती म्हणाली. तिलाही ती गोष्ट त्यानं सांगितलेली होती तर.

रविवारी गिऱ्हाईक आलं. सुधानं त्याला चहा-पोहे दिले आणि रिकामं परत पाठवलं. संध्याकाळी निखिलचा मला फोन. "आत्या, आईला काय सांगितलं तुम्ही?" म्हटलं, काही नाही रे बाबा, एक बोल्ट घासला. त्याला नीट समजावून सांगितलं. मग म्हणाला, "खांदा नेमका कुठं आहे? मला फोटो पाठवायला सांगा ना." बापाचा गुण उतरला म्हणायचा.

निघताना मी सुधाला म्हटलं, पुढच्या पोळ्याला रंग देशील ना? ती म्हणाली, "देईन ना. तेवढा बोल्ट सोडून." आणि खांद? "शेकीन. पन वरच्या वर."

फोनमधलं वसंताचं नाव मी बदललेलं नाही. त्याचा नंबर सुधाकडे आहे. परवा दिवेलागणीला तेच नाव पुन्हा उमटलं. मी उचलला, आणि या वेळी काही विचारलं नाही. नुसती ऐकत राहिले. मागं कुठं तरी फ्रिजची बारीक घरघर चालू होती.

"अक्का," सुधा म्हणाली, "काळी दांडी बॅटरीच्याच खुंटीले लावली हो. पावनेतेरा हायेत. औषध आतच ठेवलं आजपासून." मग म्हणाली, "थंडी पडून राह्यली वर. तुमचे गुडघे येतीन काय जीपमंधी?"