रत्नागिरीला मी बूट पोचवायला गेले

रत्नागिरी बघायची असेल तर खुशाल जा, पण दुसऱ्याचं सामान पोचवायला जाऊ नका. मी गेले, आणि परत येऊन आठवडा झाला तरी डोकं तापलेलंच आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी कोल्हापुरात घरी बसून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर चित्रं रंगवते. आधी हौस होती, आता ऑर्डरी येतात. ("बुटावर चित्र काढायचे एवढे पैसे?" हे ऐकून कान किटलेत, ते असो.) मुंबईत नोकरी करणाऱ्या निलेशची ऑर्डर आली. त्याच्या वडिलांची रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीची होडी आहे, तिचं चित्र हवं होतं. फोटोत हिरवी होडी, लाल पट्टा, पुढच्या टोकाला झेंडूचा हार. मी सोलला टेप लावून, बारीक ब्रशने त्या हारातलं फूल न् फूल रंगवलं आणि इस्त्री फिरवून रंग पक्का केला.

"कुरिअर नको, तुम्हीच नेऊन द्या, फिरणंही होईल," निलेश म्हणाला. "होडी विकतोय. बाबांना सकाळी फिरायला बूट होतील." मला भरूनच आलं. काय गुणी पोरगा!

कोल्हापूर स्टँडवरून सकाळची एसटी पकडा, आंबा घाट उजेडात बघायला मिळतो. साखरप्याला चहा-भजी खाल्ली. हातखंब्याच्या अलीकडे रस्त्याची कामं, धूळ, डायव्हर्जन. चार तासांचे पाच झाले. रत्नागिरीत स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं. खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या, मी घेतलं नाही आणि जास्तीचे पैसे देताना तोंड वाजवलं.

निलेशच्या घरी त्याचे वडील तात्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. "ये गो, बस," म्हणाले. त्याची आई, काकू, चहा घेऊन आल्या. मी कौतुकाने खोका उघडला. तात्यांनी बूट हातात घेतला, हारावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवून दिला.

"काम झकास केलंस. पण होडीवर आम्ही चप्पल काढून चढतो. तीच होडी पायात घालू काय?"

अगं आई गं! माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सारवासारव करायला मी बोलून बसले, "होडी विकल्यावर आठवण म्हणून हे चित्र काढून घेतलं हो तुमच्या मुलाने."

"कोणाची होडी विकली?"

काकू कपबशा उचलून आत निघून गेल्या.

"होडी माझ्या नावावर हाय. सही माझी लागते," तात्या म्हणाले. "शनिवारी येतो म्हणालाय. म्हणून आधी हे बूट होय!"

माझं टाळकंच सटकलं. तिथूनच निलेशला फोन लावला.

"तुम्हाला बोलायला कुणी सांगितलं होतं?" तो माझ्यावरच उखडला.

"बापाला पत्ता नाही हे मला तरी कुणी सांगितलं होतं? माझं काम काय लाडीगोडी लावायला वापरता?" त्यानंतर जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारपाजारचे दारात येऊन ऐकत होते.

तात्या खूश. "बरा झापलास!" म्हणत मला बंदरावर घेऊन गेले. बर्फाच्या गाड्या, टोपल्या, लिलावाची बोंबाबोंब, वर घारी. चपला काढून आम्ही होडीवर चढलो. मी पण तावातावाने म्हटलं, "तात्या, मुळीच सही करू नका!"

दुपारी काकूंनी बांगड्याची आमटी वाढली. अशी चव कुठल्या हॉटेलात नाही मिळणार. निघताना त्या रिक्षापर्यंत आल्या.

"त्याला मीच सांगितलं होतं, होडी वीक म्हणून," काकू हळूच म्हणाल्या. "यांना आता नीट दिसत नाय. वारा सुटला की मी बंदरावर जाऊन उभी राहते."

"मग तात्यांना सांगा ना!"

"सांगितलं गो. हसतात."

रिक्षावाला घाई करत होता. मी बसले. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेले खरी, पण सूर्यास्त धड बघितला नाही. सुरूचं बन सुंदर आहे म्हणतात, तुम्ही बघा.

आज काकूंचा फोन आला. निलेश आला, भांडला, निघून गेला. तात्यांनी सही केली नाही. पहाटे होडी घेऊन गेलेत आणि इकडे वारा सुटलाय.

"तुम्ही कुठे आहात?"

"बंदरावर. तुझेच बूट घातलेत. मोठे होतात, पण खडी टोचत नाय."

रत्नागिरी कशी वाटली, असं विचारताय ना? मासे झकास, माणसं गोड, आणि माझा नुसता संताप झालाय. निलेश खोटं बोलला, त्याला मी गल्लीभर ऐकू जाईल असं सुनावलं. आणि तात्यांना? त्यांच्याच होडीवर उभी राहून मी त्यांचीच री ओढली. ती बाई आयुष्यभर किनाऱ्यावर उभी आहे, आणि तिने जीव तोडून सांगितलं तर हा माणूस हसतो!

मघापासून तात्यांना फोन लावतेय. लागत नाही, समुद्रात रेंज नसते. लागला की पहिलं हेच विचारणार आहे, तात्या, यात हसण्यासारखं काय होतं?