विष्णूनं प्यालेले तीन पाइंट

पुरुषोत्तम नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात पोर्टर. पेशंटांच्या ट्रॉल्या ढकलायच्या, हे काम. पण मूळचा माणूस कोल्हापूरकडचा. गावच्या दूध डेअरीत आठ वर्षं नमुने तपासलेला. त्यामुळं घरी बीअर करायचं वेड लागलं तेव्हा हायड्रोमीटर बघून त्याला जुना सोयरा भेटल्यासारखं झालं. लॅक्टोमीटरचाच भाऊ तो. रस जड असला की वर तरंगतो, हलका झाला की खाली बसतो.

ट्रॅम चालवणारा त्याचा दोस्त विष्णू मात्र दर खेपेला नाक मुरडायचा. "पुर्ष्या, ही बीअर हाय का ताक?"

हे ताक त्याला फार झोंबलं. म्हणून रविवारी सकाळी, विष्णू मटणाला यायच्या आधी, त्यानं परसातल्या शेडात बीअरच्या डब्यात रमच्या दोन बाटल्या हळूच ओतल्या. रमही साधी नव्हती, त्रेसष्ट टक्क्यांची.

विष्णूनं जेवता जेवता तीन पाइंट रिचवले आणि मिशा पुसत म्हणाला, "ताकच." दाढेच्या गोळ्या चालू असल्यानं पुरुषोत्तमनं थेंबही घेतला नव्हता. तो गालात हसला. चार वाजता विष्णू उठला. "चलतो लेका. सकाळी पाचला ट्रॅम हाय, डेपोत आधी दारू तपासायच्या मशिनीत फुंकून दाखवाया लागतंय."

पुरुषोत्तमचं हसू जागीच वाळलं.

विष्णू बसनं गेला आणि हा कागद घेऊन बसला. बीअर पाच टक्क्यांची, साडेआठ लिटर. त्यात जवळपास दीड लिटर रम. सगळं मिळून तेरा टक्के. तीन पाइंट म्हणजे एक लिटर सातशे; दहा मिली निव्वळ अल्कोहोलचं एक युनिट धरलं तर बावीस युनिट. अंगातनं तासाला साधारण एक उतरतं. म्हणजे उद्या दुपारचे दोन.

"नोकरी खाल्ली मी त्याची," तो बायकोला, अर्चनाला म्हणाला. "फोन करून सांगतो, जाऊ नगंस म्हणून."

अर्चनानं सगळं ऐकून घेतलं. "रम घातल्यावर ढवळलीसा का?"

"न्हाई. हवा लागली तर बीअर बिघडती."

"अहो, माझा बा दूध घालाया यायचा, तवा कॅन ढवळल्याबिगर तुम्ही नमुना घेत नव्हता. साय वर ऱ्हाती म्हणून. आन् नळ कुठं हाय तुमच्या डब्याला?"

नळ तळाला होता.

पुरुषोत्तम शेडाकडं पळाला. नळातनं थोडी बीअर काढून तिच्यात हायड्रोमीटर सोडला. एक हजार बारा. रम घालायच्या आधी होता तोच आकडा, केसभरही हललेला नाही. मग झाकण उघडून वरचा रस अलगद पळीनं काढला. त्यात हायड्रोमीटर असा खाली गेला की आकडेच बुडाले. सगळी रम वर तरंगत होती. विष्णू खरंच तीन पाइंट ताक प्याला होता.

पाच टक्क्यांनी साडेआठ युनिट. रात्री एकपर्यंत उतरणार. त्यानं दोनदा मांडलं, मगच फोन लावून विष्णूला सगळं सांगितलं.

पलीकडं विष्णूचा आवाज चढला.

"म्हंजे मला न सांगता रम पाजत हुतास?"

"हुतो. पर पाजली गेली न्हाई."

"वैनींस्नी फोन दे. तुझ्याशी बोलण्यात अर्थ न्हाई."

अर्चनानं त्याला आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, पहाटे घरच्या फुंकणीत आकडा आला तर मी आपणच सुट्टी टाकतो.

सोमवारी पहाटे पुरुषोत्तम वॉर्डाच्या दाराशी ट्रॉली धरून उभा होता. पावणेपाचला विष्णूचा मेसेज आला. "डेपोतबी शून्य. निघतो आता. बीअर फेकून दे, मूर्खा."

त्यानं मेसेज दोनदा वाचला, फोन खिशात टाकला आणि म्हाताऱ्या पेशंटला एक्स-रेकडं घेऊन निघाला. काल चारपासून आत्ता कुठं त्याला भूक लागली होती.