रेघेबाहेरची चरबी

सकाळी खोलीत आल्या की बाई आधी स्क्रीन पुसत. त्यासाठी खणात जुन्या सुती ओढणीचा एक मऊ तुकडा असे. "कुणाचा हा अंगठा? बिस्कीट खाऊन लावलाय!" घरीही कुणाचा चष्मा दिसला की त्या पुसायला घेत, मग तो नाकावर का असेना. नवरा मुकाट्याने नाक पुढे करी.

बाईंचा जन्म सीटी स्कॅनच्या प्रतिमा वाचण्यात गेला. अलीकडे त्यांच्याआधी संगणक वाचू लागला होता. मूत्रपिंडातल्या गाठीभोवती रेघ काढून दिली, की आतल्या करड्या छटा तपासून गाठ कसली असावी ते तो सांगे.

त्या दिवशी त्याने सांगितलं, कॅन्सर. रुग्ण शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर. जन्मापासून एकच मूत्रपिंड, त्यातच गाठ, तीही रक्तवाहिन्यांना बिलगलेली. काढायची तर मूत्रपिंड जाणार आणि माणूस कायमचा डायलिसिसवर.

सर्जनचा फोन आला. "बाई, सोमवारी घेतोय त्याला. रिपोर्टवर सही तेवढी करा."

"बघितल्याशिवाय? मी काय शिक्का आहे?"

गाठीच्या काठाशी, रेघेच्या जरा बाहेर, एक काळसर ठिपका होता. बाईंनी पुन्हा स्क्रीन पुसली. ठिपका गेला नाही. स्कॅनमध्ये चरबी अशीच काळसर दिसते.

"रेघ इतकी आत का गं?"

हाताखालची डॉक्टर मुलगी चाचरली. "तुम्हीच सांगितलंत ना, बाई. बाहेरची चरबी आत यायला नको, म्हणून काठ सोडून काढायची."

सांगितलं होतं खरं. बाईंना स्वतःचाच राग आला. बाहेरची टाळता टाळता गाठीची स्वतःची चरबीच वगळली गेली असेल तर? गाठीत अशी चरबी असली, तर गाठ बहुतेक साधीच निघते, कॅन्सरची नाही, नुसती लक्ष ठेवण्याजोगी. पण ठिपका आत की बाहेर? श्वास सुटल्याने प्रतिमा हललेली होती.

"औषध न टोचता, बारीक कापांचा स्कॅन पुन्हा करू. आधी श्वासाचा सराव घ्या."

काचेपलीकडे ड्रायव्हर आडवा झाला. बाईंनी स्वतः माइक ओढला. "श्वास धरा."

"धरला, मॅडम!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बोललात की सुटला! गाडीतल्या पोरांना 'गप्प बसा' म्हटल्यावर ती 'बसलो' म्हणाली तर?"

"रोज म्हणतात, मॅडम."

मुलगी फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. तीनदा सराव घेऊन मगच स्कॅन झाला.

या वेळी काठ स्वच्छ दिसला. ठिपका गाठीच्या आतच होता, शेजारी आणखी दोन. सर्जनना त्यांनी खोलीत बोलावून घेतलं.

"पण संगणक तर..."

"आपण दाखवलं तेवढंच त्याने पाहिलं. खुर्ची ओढा, तुम्ही सगळं बघा."

सर्जननी खुर्ची ओढून एकेक काप पाहिला. मग फोन काढून त्यांनी सोमवारची शस्त्रक्रिया रद्द केली. मुलगी गाठीभोवती नवी रेघ काढायला बसली. "आणि मी सांगितलं असलं, तरी आधी नीट बघायचं," बाई तिच्यावर खेकसल्या.

ड्रायव्हर दर वर्षी तपासणीला येत राहिला. गाठ होती तेवढीच होती. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शेवटचा रुग्ण तोच निघाला. आडवा होता होता तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे आज..."

बाईंनी माइक ओढला.

"हात डोक्यावर घ्या. आणि श्वास धरलात, की मला सांगायचं नाही."