एका दिवसाचे हक्कदार

परदेशी पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली आणि लाकडाच्या ठेकेदाराचा मुकादम माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ऊठ गं. झालं तुझं काम. खुर्ची धुवायची हाय."

धुवायची. माझ्यादेखत बादली आणली. गळ्यातला हार अजून ताजा होता.

लाकूड कंपनीची मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही.

ही मॅडम सांगलीतल्या विश्रामबागच्या ऑफिसातून थेट माझ्या दारात आली होती. मी वस्तीच्या बचत गटाची अध्यक्ष. तिची कंपनी परदेशी फर्निचरवाल्यांना लाकूड पुरवते. माझ्या चुलीपुढं बसून म्हणाली, "ताई, बाहेरचं गिऱ्हाईक चोरीचं लाकूड घेत नाही. जंगलाजवळ राहणाऱ्यांचा होकार लागतो. तुमच्या देवराईतली फक्त पडलेली झाडं उचलू. खरे हक्कदार तुम्हीच."

आमचं गाव पाटणच्या वर, डोंगरात. देवराईभोवती दगडी गडगा आहे. आमच्या जातीला, माझ्या आईला, आजीला, त्याच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. मलाही. पण वस्तीचा झरा त्याच झाडांखालून येतो. दुसरं पाणी आम्हाला नाही.

आणि ही बाई म्हणत होती, हक्कदार. मला ती आपली वाटली. म्हणून पाहुणे आले त्या दिवशी त्यांच्या कॅमेऱ्यापुढं, त्या खुर्चीत बसून, मी स्पष्ट सांगितलं, पडलेलं लाकूड न्यायला आमची हरकत नाही.

आठवड्याभरात करवत ऐकू आली. ऐनाचं उभं झाड पाडलं. जिवंत. मग जांभूळ. मी मॅडमला फोन लावला.

"ताई, होकार तर तुम्हीच दिलाय. व्हिडिओ आहे आमच्याकडे."

फोन बंद.

मी बायांना गोळा केलं, सगळं सांगितलं. शेजारची शांताकाकू सत्तरीची. ती म्हणाली, "आपल्या नावानं झाडं पाडत्यात व्हय? ज्यास्नी आत पाय ठिवू दिला न्हाई, त्यांच्या नावानं?"

सकाळी आम्ही गडगा ओलांडला. पहिल्यांदा.

मुकादम धावत आला. "भाईर व्हा! देव बाटवताय!"

"करवत चालवलीस तवा न्हाई बाटला?" काकू म्हणाली.

"कुणाला इचारून आत आला?"

"तुझ्या मॅडमला इचार," मी म्हणाले. "जगाला तिनंच सांगितलंय, आमी हक्कदार हाय. आता ह्या हक्कदारांचा नकार हाय. करवत बंद कर."

तो हसला. "एका दिवसाची हक्कदार तू!"

काकू तोडायची खूण केलेल्या ऐनाला पाठ लावून खाली बसली. "मग आज दुसरा दिवस हाय, गड्या."

करवत थांबली. त्या दिवसापुरती.

वनखात्यात तक्रार दिली आहे. तिथला साहेब म्हणतो, बघू. मी बघत बसणार नाही. देवराईत रोज चौघी बसतात, पाळ्या मी लावल्यात. तोडलेल्या बुंध्यांचे फोटो आणि माझा नकार त्या परदेशी गिऱ्हाइकाला पाठवला आहे. दर आठवड्याला पाठवते. मॅडमचा आता रोज फोन येतो, "ताई, गैरसमज झालाय, बसून बोलू." बोलायचं काही उरलेलं नाही. आमच्या नावावर लाकूड विकायला ती जिथं जाईल, तिथं माझा नकार तिच्या आधी पोचलेला असेल.