आमच्या फिल्मचा बेपत्ता माणूस

मागच्या गुरुवारी मुरुडला जे झालं ते लिहू की नको, यात आठ दिवस गेले... लिहूनच टाकते.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला शॉर्ट फिल्म करावी लागते. आमची फिल्म एका खलाशावर होती. तो बोटीवरून पडतो, परत येत नाही, आणि बायको वाट बघत राहते. डिरेक्टर मी. खलाशाचं काम माझ्या आतेभावाने, सचिनदादाने केलं. तो इथल्या एका लॉजवर मॅनेजर आहे आणि बोट धक्क्याला बांधलेली असतानाही त्याने दोनदा उलटी केली.

शूटिंग कसंबसं उरकलं. पण बघायला येणार कोण? सीनियर्सच्या फिल्मला हॉलमध्ये त्यांचे आईबाप सोडून फक्त पंखे फिरत होते. म्हणून मी डोकं चालवलं...

पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'बेपत्ता'. खाली सचिनदादाचा दाढी वाढलेला फोटो. अंगात निळा टीशर्ट, बोटीवरून पडून हरवले आहेत, माहिती असल्यास कळवा, आणि माझा मोबाईल नंबर. फिल्मचं नाव आणि शोची वेळ अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. ते मी मुद्दाम तसं केलं होतं. सरसुद्धा 'स्मार्ट आहे' म्हणाले.

मुरुडपासून आगरदांडा, दिघी, थेट बोर्ली पंचतनपर्यंत चिकटवले. एसटी स्टँड, जेट्टी, मासळी बाजार, काही सोडलं नाही. व्हॉट्सॲपवर फिरला तेव्हा तळाची ओळही कुणीतरी क्रॉप केली होती. आम्ही खूश!

फोन सुरू झाले. कुणी म्हणे दिघीला चहा पिताना पाहिला, कुणी म्हणे देवळाजवळ झोपलेला दिसला. एक म्हातारे काका रोज विचारायचे, मिळाले का हो? आम्ही फोन स्पीकरवर टाकून हसायचो. लिहिताना लाज वाटते आहे, पण हसायचो हे खरं.

गुरुवारी सकाळी एका बाईचा फोन आला. "पोरी, मी बोर्लीकडून निघालंय. तू कुठं हायस?" मी गडबडीत सचिनदादाच्या लॉजचं नाव सांगितलं आणि फोन कट झाला. वाटलं, कोण कशाला येतंय एवढ्या लांब...

ती आली. टमटम, मग दिघीच्या जेट्टीवरून आगरदांड्याची बोट, मग पुन्हा रिक्षा करत. पन्नाशीची कोळीण, केसात अबोली, हातात प्लास्टिकची पिशवी. मासळीची पाटी जावेच्या गळ्यात घालून आली होती. आम्ही व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ती माझ्याजवळ बसली आणि तिने माझा हात धरला.

"रडू नको गो. आदी कागद कर. पयली पोलिसात नोंद. मंग बंदराच्या हापिसात, मंग मासेमारी खात्यात. ज्याला त्याला झेरॉक्सच दे. असल कागद कोनाला देऊ नको, माजा त्यांनी हरवला."

पिशवीतून अर्ज निघाले. दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत तिचा नवरा गेला. बोट आली, तो आला नाही. कुठे जायचं, काय लिहायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, सहा महिने नुसत्या खेपा झाल्या. माझी तशी वणवण होऊ नये म्हणून ती आली होती. मी तिचा अर्ज बघून तसाच लिहावा, एवढ्यासाठी.

आमच्या फिल्मची नायिका शेवटी बांगड्या फोडते. शॉट भारी दिसतो म्हणून मी तो तीनदा घेतला होता. या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या मनगटभर होत्या... मी खरं सांगायचं सोडून अर्जाची पानं उलटत राहिले.

तेवढ्यात सचिनदादा वडापाव घेऊन आला. अंगात तोच निळा टीशर्ट, प्रमोशनसाठी आम्हीच घालायला लावलेला.

ती ताडकन उठली. "आला! गो पोरी, आला तुजा मानूस!" तिने त्याचे दंड चाचपले, तोंडावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सचिनदादा वडापावची पिशवी सांभाळत उभा.

मग मी सांगितलं. सगळं. पोस्टर दाखवलं, तळाची ओळ वाचून दाखवली.

"मंजे कोन हरवलाच नव्हता?"

"नाही मावशी."

मला वाटलं कानाखाली देईल. द्यायला हवी होती. ती हळूहळू खाली बसली. "मंग मिळाला पन न्हाय," म्हणाली. आणि पिशवी मांडीवर ओढत, "मला वाटला, येकीचा तरी आला."

पाणी दिलं, प्यायली नाही. मी पाया पडले, तर पाय मागे घेतले. सचिनदादा तिला बाईकवर आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत सोडून आला. जाताना तिने अर्जांच्या झेरॉक्स उचलल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे. कोनाला तरी लागतील."

त्याच दिवशी जमतील तेवढी पोस्टर्स आम्ही ओरबाडून काढली. शनिवारी हॉल जवळजवळ भरला. बांगड्यांच्या शॉटला मी बाहेर जाऊन उभी राहिले. सरांनी प्रमोशनचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी मान खाली घालून ऐकलं.

व्हॉट्सॲपवरचं पोस्टर मात्र काढता येत नाही. नंतर मावशींना फोन करून विचारलं, तुमच्या माणसाचा अर्जावरचा फोटो लोकांना पाठवू का? "पाठव," एवढंच म्हणाल्या. दोघांची नावं इथे लिहीत नाही, लिहू का हे विचारलेलं नाही.

त्या म्हाताऱ्या काकांचा काल पुन्हा फोन आला, मिळाला का तुमचा माणूस?

म्हटलं, काका, तो घरीच आहे, चूक माझी, माफ करा... पण एकजण खरोखर हरवलेत. त्यांचा फोटो पाठवते. बघाल?