रत्ना उमाठे, हेरन्सच्या स्कोअरर

मिशिगनमधल्या नोव्हायच्या पश्चिमेला गाडीनं वीस मिनिटांवर टाउनशिपचं एक बेसबॉलचं मैदान आहे. बॅटर जिथं उभा राहतो त्याच्या मागं लाकडी जिना आहे. तो चढून गेलं की पत्र्याची एक खोली लागते. उन्हाळ्याचे दहा आठवडे, आठवड्यातले चार दिवस, रत्नाबाई उमाठे त्या खोलीत बसतात. खिडकीला काच नाही, जाळी आहे. टेबलावर स्कोअरबुक, दोन पेन्सिली, खोडरबर आणि बटणांची एक पेटी असते. बटण दाबलं की मैदानापलीकडच्या फळ्यावरचा आकडा बदलतो. फळ्यावर शेवटी तीन रकाने आहेत: धावा, हिट, एरर.

तिसऱ्या रकान्याशी त्यांचं जमायला वेळ लागला. नागपुरात कॉलेजात असताना त्यांनी क्रिकेटच्या स्कोअररची परीक्षा दिली होती आणि लग्न होईपर्यंत क्लबांच्या मॅचेस लिहिल्या होत्या. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर स्कोअरबुकात कुणाच्या नावावर काही लागत नाही. तो लोकांच्या तोंडी राहतो, दोन-चार दिवसांनी तिथूनही जातो. बेसबॉलमध्ये चेंडू सुटला की स्कोअररला ठरवावं लागतं, साधारण प्रयत्नात तो अडवता आला असता का. आला असता, तर फिल्डरच्या नावावर एरर. नसता आला, तर मारणाऱ्याला हिट. हे मैदानावरचा अंपायर ठरवत नाही. खोलीत बसलेलं माणूस एकट्यानं ठरवतं, आणि ते फळ्यावर सगळ्यांना दिसतं.

मिशिगनला आल्यावर पहिली नऊ वर्षं त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा रवींद्र गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत जायचा. घरात टीव्हीवर डेट्रॉइटचा संघ हरत असायचा. हातांना सवय होती म्हणून रत्नाबाई वहीत मॅच लिहायला लागल्या. मग हरणारा संघ पुन्हा उभा कसा करतात हे त्या बघायला लागल्या. चांगला खेळाडू विकतात, त्याच्या बदल्यात नाव न ऐकलेली तीन पोरं घेतात, आणि जुलैत ड्राफ्ट होतो, म्हणजे मोठे संघ पाळीपाळीनं नवी मुलं निवडतात. ज्याला त्याला आपला नंबर आला की एक नाव पुकारायचं असतं. पुकारलेल्या पोरांपैकी बहुतेक कधी वरपर्यंत पोचत नाहीत. रत्नाबाई त्यांचीही नावं लिहून ठेवायच्या.

हेरन्स हा कॉलेजच्या मुलांचा उन्हाळी संघ. हेरन म्हणजे बगळा, म्हणून मराठी मंडळात त्यांना बगळे म्हणतात. सलग तीन वर्षं ते तळाला होते. डेल नावाचा नवा मॅनेजर आला, त्यानं पहिल्याच वर्षी अकरा मुलं काढली. ऑफिसात त्याचा एक पांढरा फळा आहे, प्रत्येक खेळाडूच्या नावाचं एक चुंबक. चुंबक काढलं की मुलगा गेला. त्याच सुमारास जुना स्कोअरर फ्लोरिडाला राहायला गेला आणि मॅच बघायला वही घेऊन येणारी एकच बाई डेलला माहीत होती.

बघायला माणसं किती, तर दीडशे. रविवारी शेजारच्या मैदानावर देशी लोकांची टेनिस बॉल क्रिकेटची लीग असते, तिथं यांच्या दुप्पट गाड्या लागतात. अमेरिकेच्या खेळाला अमेरिकेत माणसं मिळत नाहीत, हे पार्किंगमधून चालताना रत्नाबाईंना रोज दिसायचं. त्या दहा मिनिटं आधी येऊन बसायच्या.

यंदा हेरन्सचा शॉर्टस्टॉप होता वीर कर्णिक. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो तो शॉर्टस्टॉप, सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याकडेच जातात. वीर ट्रॉय गावचा. त्याची आई रुपाली आणि रत्नाबाई मंडळात वीस वर्षं एकत्र. त्याचं बोरन्हाण रत्नाबाईंनी पाहिलेलं होतं. आता तो कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होता, ड्राफ्टमध्ये त्याचं नाव निघू शकत होतं. मंडळात कुणाचं निघालेलं कुणाला आठवत नव्हतं.

ड्राफ्टच्या आधीची शेवटची घरची मॅच बुधवारी होती. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, होता निएमी, मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातला उंच, अबोल मुलगा. त्याचंही नाव निघण्याची आशा होती. जाळीमागं मोठ्या संघांसाठी खेळाडू हेरणारे दोन स्काउट वेग मोजायची यंत्रं धरून बसले होते. चौथ्या इनिंगमध्ये दोन आउट, तिसऱ्याला इनिंग संपते, आणि दोन माणसं बेसवर. चेंडू जमिनीवरून सरळ वीरकडे गेला आणि त्याच्या ग्लव्हखालून मागं निघून गेला. दोन धावा झाल्या. पुढच्यानं जोरात मारलं, तिसरी झाली.

रत्नाबाईंनी हिटचं बटण दाबलं.

हिट म्हटल्यावर त्या तिन्ही धावा निएमीच्या डोक्यावर बसल्या. एरर म्हटलं असतं तर इनिंग तिथंच संपायला हवी होती, असं धरून त्याच्या आकड्यातून तिन्ही वगळल्या गेल्या असत्या. पिचरचा आकडा म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागणाऱ्या धावांची सरासरी; निएमीचा दोनच्या खाली होता, तो पावणेतीनच्या जवळ गेला.

मॅचनंतर डेल जिन्याखाली थांबला होता. निएमीच्या कॉलेजच्या कोचचा फोन आला होता, चौथ्या इनिंगबद्दल विचारत होता, असं त्यानं सांगितलं. "मी काही सुचवत नाही," तो म्हणाला. "निर्णय बदलायला चोवीस तास असतात, एवढं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

घरी जाताना त्यांनी स्वतःला सांगितलं, क्रिकेटची सवय. इतकी वर्षं झाली तरी हात जुन्या वळणानं जातो. हे कारण त्यांना पटलं आणि त्यांना झोप लागली.

सकाळी चहा घेताना मात्र त्यांनी स्कोअरबुक उघडलं. चेंडू किती जोरात गेला हे त्या पेन्सिलीच्या रेषेनं दाखवतात, जोराचा असेल तर जाड रेघ, संथ असेल तर बारीक. त्यामुळं जुनी मॅच त्यांना पुन्हा वाचता येते. जूनपासूनच्या बावीस मॅचेस त्यांनी एकेक करून वाचल्या.

रवींद्र समोर येऊन बसले. "काहून इतकी पानं उलटून राहिली?"

"एकतीस एरर दिलेत मी आपल्या टीमला."

"मग बरोबर आहे. बगळेच आहेत."

"त्यातला एकही वीरचा नाही. शॉर्टस्टॉपकडे बारीक रेघ आणि वर हिट, असं तीन ठिकाणी आहे. कालचं धरून चार." त्यांनी कप बाजूला ठेवला. "सवय असती तर सगळ्यांना लागली असती."

रवींद्रनी कप परत त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "आपलं पोरगं आहे. थोडं इकडं-तिकडं चालतं."

"तुमच्या गिअरबॉक्समध्ये चालतं?"

"गिअरबॉक्सला मावशी नसते."

त्या हसल्या नाहीत. जुन्या तिन्ही निर्णयांना हात लावता येत नव्हता, मुदत गेली होती. कालच्याला अजून दुपारपर्यंत वेळ होता. आपण पक्षपात केला हे त्यांना इतकं टोचलं नाही, जितकं हे टोचलं की करताना आपल्याला काहीच जाणवलं नाही. डोळ्यांनी पाहिलं होतं, बोटानं दुसरंच केलं होतं, आणि मधे कुणी अडवलं नव्हतं. सव्वानऊला त्यांनी लीगचा फॉर्म भरून पाठवला. चौथी इनिंग, हिट रद्द, एरर शॉर्टस्टॉप. कारणाच्या जागी लिहिलं: स्कोअररची चूक.

मग रुपालीला फोन लावला. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

"रुपाली, कालचा तो हिट मी काढला. वीरला एरर दिला."

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. "रत्नाताई, रविवारी ड्राफ्ट आहे."

"हो."

"चार दिवस थांबता नसतं आलं?"

"चोवीस तासच असतात."

"निएमीच्या आईनं तुमच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर डबे नव्हते आणले."

"नाही आणले."

"मग?"

"चेंडू सरळ आला होता, रुपाली. त्याच्यासमोर."

रुपालीनं फोन ठेवला.

दुपारी तीनला रत्नाबाई मैदानावर गेल्या. वीर डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, पायरीवर बसून बॅटला टेप गुंडाळत होता. त्यांना बघून उठला.

"मम्मीनं सांगितलं. शी इज मॅड. आय ॲम नॉट."

"अजून तीन आहेत, वीर. जूनमधले. ते आता बदलता येत नाहीत."

"चार आहेत, मावशी. एक तुम्ही मिस केला असेल." तो टेपकडे बघत बोलत होता. "बेंचवर जोक आहे. प्रॅक्टिसमध्ये कुणाच्या पायांमधून बॉल गेला ना, की सगळे ओरडतात, ऑंटी हिट."

रत्नाबाई पायरीवर बसल्या. "कधीपासून?"

"सेकंड वीक."

"मला सांगायचंस ना रे."

"काय सांगू? मावशी, प्लीज मला एरर द्या?" तो थोडा हसला. "आणि स्काउट लोक तुमचं बुक नाही वाचत. दे वॉच माय फीट. त्यांना ऑलरेडी माहितीये मी डावीकडे स्लो आहे."

"निएमी पण ओरडतो?"

"नाही. ही डझंट लाफ."

एवढं ऐकून त्या उठल्या आणि पिचर हात मोकळा करतात त्या बुलपेनकडे गेल्या. निएमी खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून बसला होता. काल काय झालं, आज काय बदललं आणि आधी काय झालं होतं, हे त्यांनी त्याला सांगितलं. तो मान हलवत राहिला, मग "थँक यू, मॅम" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्याच्या पिचिंगवर वीरचे दोन चेंडू सुटले होते. त्यांतला एकच आता दुरुस्त झाला होता.

ऑफिसात डेल पांढऱ्या फळ्यासमोर उभा होता. रत्नाबाईंनी कागद टेबलावर ठेवला. त्यावर तीन तारखा, तीन इनिंग, आणि चौथीच्या जागी प्रश्नचिन्ह.

डेलनं कागद वाचला. तुमचं चुंबक काढू का, असं त्यानं विचारलं, थट्टेत की खरं ते त्याच्या आवाजावरून ठरत नव्हतं.

"नको," रत्नाबाई म्हणाल्या. "मी गेले तर तुम्हाला खेळ न बघणारं माणूस मिळेल. मी निदान बघते. हा कागद फाइलला लावा. कुणी वीरबद्दल विचारलं, निएमीबद्दल विचारलं, तर दाखवा. दोघांच्याही बाबतीत."

"तुमच्याबद्दल विचारलं तर?"

"तरीही हाच दाखवा."

रविवारी ड्राफ्ट सुरू झाला. त्याच दुपारी मंडळाची सहल होती. रुपाली दुसऱ्या टेबलावर बसली. मंडळातल्या कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, बगळ्यांचा स्कोअर काय, आणि कुणी हसलं नाही. रत्नाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. घरी जायची घाई केली नाही. मग घरी येऊन टीव्हीसमोर बसल्या आणि नावं लिहीत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही लिहीत राहिल्या. सतराव्या फेरीत निएमी. विसावी फेरी संपली, वीरचं नाव आलं नाही. एका एररमुळं तसं झालं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, वीरलाही होतं. रुपालीला ते कसं सांगायचं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मंगळवारी निएमीचं चुंबक निघालं. त्याच्या जागी ओहायोचा एक मुलगा आला. संघ खालून तिसरा होता.

गुरुवारच्या मॅचला सव्वाशे माणसं होती. सहाव्या इनिंगमध्ये चेंडू वीरच्या उजव्या हाताला गेला, जोरात. वीर आडवा झेपावला. ग्लव्हला चेंडू लागला, उसळला आणि गवतात गेला. मारणारा बेसवर पोचला. खालच्या बाकांवरची माणसं वळून वर खोलीकडे बघायला लागली. गोष्ट गावात पसरली होती.

रत्नाबाईंचं बोट तिसऱ्या, एररच्या बटणावर होतं. तिथं ते आपोआप गेलं होतं, जसं आधी दुसऱ्यावर जायचं. एरर दिला असता तर कुणी तोंड उघडलं नसतं. बेंच गप्प झाला असता, डेलची फाइल बंद झाली असती. मंडळानंही म्हटलं असतं, बाई सरळ आहे.

त्यांनी बोट उचललं. डोळे मिटले आणि चेंडू पुन्हा बॅटपासून येऊ दिला. वीर दोन पावलं गेला, तिसरं पडायच्या आत झेपावला. हा चेंडू साधारण प्रयत्नात कुणाला अडवता आला असता? त्यांनी गेल्या तीन वर्षांतले शॉर्टस्टॉप एकेक करून तिथं उभे करून पाहिले. एकाचाही हात पोचला नाही.

त्यांनी हिटचं बटण दाबलं.

खालून कुणीतरी शिट्टी मारली. बेंचवरून हसू आलं, बाकांवरून एक वाक्य आलं, ते त्यांना नीट ऐकू आलं आणि त्यांनी ते तसंच जाऊ दिलं. टेबलावर त्यांचा फोन वाजायला लागला, कुणाचा ते त्यांनी पाहिलं नाही. तो वाजत असतानाच त्यांनी रेघ ओढली, शेजारी बारीक अक्षरांत निर्णयाची वेळ लिहिली. पुढचा बॅटर येऊन उभा राहिला होता. त्यांनी पेन्सिल बदलली आणि त्याच्याकडे बघायला लागल्या.