पूजेतलं हँडल

१९३५च्या सुमारास तंजावुरात ज्याच्या दारात मोटार, त्याच्या मागे रघोजी लागलाच म्हणून समजा. दर दसऱ्याला पापनाशमला जाऊन परतायची हौशी लोकांची मोटारशर्यत असे. राजवाड्यामागच्या गल्लीतला हा मेकॅनिक दरसाल एखादा नवखा गाठून तिच्यात उतरवी. नवख्यांची शर्यत वेगळी घ्या, असं कुणी म्हटलं की तो उखडे. "वेगळ्या पंगतीला बसवलांत तर चांगलें सांबार कसलें असतें, हें त्यांस कळायचें कधीं?"

यंदा गणिताचे मास्तर सांबशिव तावडीत सापडले होते. पण तीनदा जिंकलेले कृष्णस्वामी वकील उतरणार, हे कळल्यापासून मास्तरांना अन्न गोड लागत नव्हतं.

दसऱ्याला सकाळी सातला रघोजी त्यांच्याकडे पोचला, तर मास्तर ओसरीवर निवांत कॉफी पीत बसलेले. मोटार सुरू करायचं हँडल त्यांनी नवमीला पुस्तकांशेजारी पूजेत ठेवलं होतं. दशमीची पूजा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि पूजेचा मुहूर्त नऊचा. त्यांची गाडी सुटायची होती आठ वाजून दहा मिनिटांनी.

"अम्मा हात लावूं देत नाही," मास्तर म्हणाले. "देवाच्याच मनांत नाही, राव. काय करायचें?"

बारा वर्षांपूर्वी रघोजीनंही आपलं हँडल असंच मुद्दाम पूजेत ठेवलं होतं, आणि हेच वाक्य बोलून तो घरी बसला होता; त्यानंतर स्वतः शर्यतीत कधी उतरलाच नाही. नाचता येईना अंगण वाकडं! गावाला ते कधी कळलं नाही. त्याला मात्र प्रत्येक दसऱ्याला कळे.

तो तडक सायकलवरून कृष्णस्वामींकडे गेला. गाड्या दहा-दहा मिनिटांनी सुटत; वकिलांचा नंबर शेवटचा होता, नऊ वाजून दहाचा.

"सरि, ठीक आहे, माझा नंबर त्यांना द्या, त्यांचा मी घेतों," वकील हसून म्हणाले. "दरसाल त्याच त्याच लोकांना हरवून मीही कंटाळलों."

मास्तरांची पळवाट बुजली. अम्मांनी नऊच्या ठोक्याला आरती केली आणि स्वतः हँडल मुलाच्या हातात दिलं. नऊ वाजून दहाला गाडी सुटली.

वाटेत बैलगाड्या आडव्या आल्या, इंजिन दोनदा तापलं. वकिलांपेक्षा एकोणीस मिनिटं जास्त घेऊन, सगळ्यांत शेवटचे ठरून मास्तर परतले. तोंड धुळीनं माखलेलं आणि आनंदानं फुललेलं!

मास्तर खाली उतरले. "वकीलसाहेब, घड्याळ धरा. आतां माझ्याच गाडींतून रघोजीराव निघतात."

"मी?" रघोजी चाचरला. "माझें काय आतां... ऊनही चढलें आहे..."

मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मुलांच्या सबबी ऐकण्यात त्यांची हयात गेली होती.

"राव," ते हळूच म्हणाले, "तुमचें हँडल अजून पूजेंतच आहे का?"

रघोजीनं धोतराचा काचा मारला आणि मास्तरांच्या हातातलं हँडल घेतलं.